पोट गप्प आहे, म्हणूनच तपासायचं

पत्र

‘माझे यजमान ३६ वर्षांचे आहेत, वजन ६२ किलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना खूप खाज सुटली, तळहात-तळपाय रात्रभर खाजवायचे. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृत-पित्ताचं एन्झाइम वाढलेलं निघालं. पुण्यात एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय केला तेव्हा पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार आहे असं सांगितलं. उर्सो या पित्तावरच्या औषधाच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसाला तीन घेतात, कामावर जातात. गेल्या सहा महिन्यांपासून दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावं लागतं, मधूनमधून आव पडते, रक्त एकदाच दिसलं. दुखत काही नाही. डॉक्टर म्हणतात मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी करा आणि यापुढे दरवर्षी करा. हे म्हणतात, “पोट तक्रार करत नाही, मग कॅमेरा कशाला? आजार तर लिव्हरचा आहे.” आव दिसली की मेडिकलमधून गोळ्या आणतात, दोन दिवस बरं वाटतं. सासूबाई रोज गुळवेलीचा काढा देतात. कॅमेरा खरंच लागतो का? काढा चालू ठेवावा का? जेवणात काय द्यावं? आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला हे होईल का?’
एक ताई, सोलापूर

उत्तर

ताई, कोलोनोस्कोपी लागते, आणि ती लवकर करून घ्या. पोट दुखत नाही म्हणून ती टाळता येईल असं यजमानांना वाटतं, पण या आजारात पोटाच्या गप्प बसण्यावर विसंबता येत नाही. असं का, ते आधी सांगतो. कारण पटलं की ते तयार होतील.

यकृतात तयार होणारं पित्त झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक नळ्यांतून वाहत मोठ्या नळीत आणि तिथून लहान आतड्यात येतं. पीएससी, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलान्जायटिसमध्ये या नळ्यांच्या भिंतींना सूज येते, मग कडक वण धरतो आणि नळी जागोजागी आवळते. दोन आवळलेल्या जागांमधला भाग फुगतो. म्हणून एमआरसीपीच्या चित्रात नळ्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. हा आजार एकटा क्वचितच येतो. युरोप-अमेरिकेत पीएससी असलेल्या १० जणांपैकी ६ ते ८ जणांना मोठ्या आतड्याचा दाहही असतो, बहुतेकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. आशियातल्या रुग्णांत हे प्रमाण कमी आढळतं, पण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही. उलट बाजूनं पाहिलं तर अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १०० रुग्णांत साधारण ५ जणांना पीएससी निघतो. आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. एका घराची तक्रार दुसऱ्या घरात पोचायला तिथे वाट आहेच. त्यामुळे ‘आजार लिव्हरचा आहे’ हे यजमानांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आता दुखत का नाही ते पाहू. साध्या अल्सरेटिव्ह कोलायटिसची सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज तिथून वर सरकते. वरचेवर रक्त पडणं, घाईनं धावावं लागणं, जाऊन आल्यावरही पुन्हा कळ येणं ही सगळी लक्षणं मुख्यतः गुदाशय सुजल्यामुळे होतात. पीएससीसोबतच्या कोलायटिसमध्ये हे चित्र बरेचदा उलटं असतं. सूज मोठ्या आतड्याच्या जवळजवळ सगळ्या लांबीत असते, पण जोर उजव्या बाजूला. लहान आतड्याचं शेवटचं टोकही कधीकधी सुजतं, आणि गुदाशय मात्र बऱ्यापैकी सुटलेला असतो. म्हणजे जो भाग ओरडतो तोच शांत राहतो. दिवसातून दोन-तीनदा जाणं, थोडी आव, वर्षा-सहा महिन्यांत एखादा रक्ताचा ठिपका, एवढ्याच खुणेमागे आख्खं मोठं आतडं सुजलेलं असू शकतं. काहींना तर एवढंही जाणवत नाही आणि सूज सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

नुसती सूज असती तरी एक वेळ थांबता आलं असतं. पण पीएससी आणि कोलायटिस एकत्र असतील तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका नुसत्या अल्सरेटिव्ह कोलायटिसपेक्षा साधारण ४ ते ५ पट असतो, आणि हे कर्करोगही उजव्या बाजूला जास्त आढळतात, जिथून लक्षणं उशिरा येतात. साध्या कोलायटिसमध्ये दर ठरावीक वर्षांनी पाहणी करायची ती आजार सुरू होऊन साधारण ८ वर्षं झाल्यावर. पीएससी असेल तर ही सवलत नाही. निदान झालं त्याच वेळी पहिली कोलोनोस्कोपी, आणि तीत कोलायटिस निघाला तर दरवर्षी एक. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं वेळापत्रक जगभर मानलेलंच आहे, त्यांनी काही जास्तीचं सांगितलेलं नाही. पहिल्या तपासणीत डोळ्यालाही काही दिसलं नाही आणि तुकड्यांच्या तपासणीतही सूज नसली, तर पुढची साधारण ५ वर्षांनी, किंवा त्याआधी तक्रार सुरू झाली तर तेव्हा. यजमानांना हे जरूर सांगा की ‘दरवर्षी’ हा शब्द पहिल्या तपासणीच्या निकालावर अवलंबून आहे. निकाल हातात नसताना वर्षांची चिंता नको.

वर्षावर्षाच्या या पाहणीत कर्करोगाच्या आधीची पायरी शोधायची असते. तिला डिस्प्लेजिया म्हणतात: पेशींचं रूप बिघडलेलं असतं, पण गाठ झालेली नसते. ती त्या अवस्थेत सापडली तर अनेकदा दुर्बिणीतूनच काढून टाकता येते.

तपासणी सोलापुरातही होते, तेवढ्यासाठी पुणे किंवा हैदराबाद गाठायलाच हवं असं नाही. पण जिथे कराल तिथे काही गोष्टी आधी बोलून घ्या. पहिली म्हणजे तपासणी पूर्ण हवी, लहान आतड्याच्या टोकापर्यंत. नुसती सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे खालच्या भागापुरती दुर्बीण, या आजारात फसवी आहे. ती नेमका सुटलेला भाग पाहते आणि ‘सगळं ठीक’ म्हणून परत पाठवते. दुसरी, तुकडे. आतडं डोळ्याला चांगलं दिसलं तरी प्रत्येक भागातून निदान दोन-दोन तुकडे घ्यावेत: लहान आतड्याचं टोक, सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात), उजवा भाग, आडवा भाग, डावा भाग, सिग्मॉइड (गुदाशयाच्या वरचं वळण) आणि गुदाशय. आणि ते वेगवेगळ्या बाटल्यांत, नाव लिहून. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकले तर सूज कुठे आहे आणि कुठे नाही हे कळण्याची सोय राहत नाही, आणि या आजारात नेमकं तेच कळायला हवं. पुढच्या वर्षांच्या पाहणीत रंग फवारून संशयाच्या जागा नीट पाहता येतात. ती सोय आहे का, हेही विचारा. तिसरी गोष्ट, पॅथॉलॉजीच्या कागदावर ‘पीएससीचा रुग्ण’ हे शब्द लिहायला सांगा. गुदाशय बरा आहे म्हणून अल्सरेटिव्ह कोलायटिस नाही, असा निष्कर्ष मग कोणी काढणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गफलत होते आणि तिची किंमत मोठी असते. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला आणि लहान आतड्याच्या टोकाला व्रण दिसले की आतड्याचा क्षयरोग हा संशय येतो, आणि भारतात तो यायलाच हवा. पण केवळ अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करणं पीएससीच्या रुग्णाला परवडत नाही. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, आणि इथे यकृत आधीच अडचणीत आहे. उलट, टीबी असताना कोलायटिस समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरतो. म्हणून संशय असेल तर व्रणाच्या तुकड्यांची टीबीसाठी जीनएक्स्पर्ट (जंतूचं जनुक शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणारी) तपासणी त्याच वेळी करून घ्या. त्यासाठी वेगळा तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. ऐन वेळी हे राहून जातं, म्हणून आदल्या दिवशीच आठवण करा.

आता पोट साफ करण्याबद्दल. तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा इथे. सोलापूरच्या ताटात बारीक बिया आणि सालं भरपूर, आणि तीच आतड्याला चिकटून बसतात. तीन दिवस आधीपासून शेंगाची चटणी, तीळ, जवस, कारळं, डाळिंब, पेरू, टोमॅटो, काकडी, वांगं, पालेभाज्या आणि ज्वारीची भाकरी बंद. पांढरा भात, मुगाच्या डाळीचं वरण, रवा, सालं काढून उकडलेला बटाटा, दही-ताक, अंडं चालेल. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवायच्या, कारण त्यांनी आतडं काळं दिसतं. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, लिंबूपाणी, दूध न घातलेला चहा. कोकमासारखं लाल काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं.

औषध पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं घ्यावं. मोठी पुडी बहुधा २ लिटर पाण्यात विरघळवायची असते, माप पुडीवर असतंच. सगळं एका दमात न पिता अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी प्यावं, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. दोन भागांत घेतल्यानं उजवी बाजू जास्त स्वच्छ होते, आणि आपल्याला तीच बाजू पाहायची आहे. शेवटी येणारं पाणी फिकट पिवळं आणि गाळ नसलेलं असेल तर काम झालं. अजून तपकिरी येत असेल तर तसंच टेबलावर जाऊ नका, डॉक्टरांना कळवा. सोडियम फॉस्फेटचं छोटं औषध प्यायला सोपं असतं, पण त्यानं आतड्यावर बारीक व्रण उठू शकतात आणि ते आजाराचेच वाटतात. तपासणीच्या निदान २ तास आधीपासून पाणीही नाही. गुंगीचं इंजेक्शन दिल्यामुळे त्या दिवशी आणि रात्री दुचाकी चालवायची नाही, कारखान्याला सुट्टी टाकायची.

पुण्यात करणार असाल तर आदल्या दिवशीच तिथे मुक्काम करा. घरी औषध पिऊन सकाळची हुतात्मा पकडणं म्हणजे यजमानांचे हाल. आणि दरवर्षीची वेळ ठरवताना जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी धरा. भोगीची तिळाची भाकरी, संक्रांतीचा तिळगूळ आणि गड्ड्याच्या यात्रेतलं खाणं तोवर मागे पडलेलं असतं, ऊनही अजून तापलेलं नसतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असताना पोट धुऊन काढलं तर अंगातलं पाणी फार जातं. यंदाची पहिली तपासणी मात्र फेब्रुवारीची वाट पाहत थांबवू नका. आव आहे, रक्त दिसलंय, आता करा.

तपासणीआधी रक्ताच्या दोन गोष्टी बघायच्या, प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा). पित्त आतड्यात कमी उतरलं की व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला उशीर लागतो. आयएनआर वाढलेला असेल तर आधी व्हिटॅमिन के देऊन तो सुधारतात, मग तुकडे घेतात.

मेडिकलमधल्या गोळ्यांबद्दल आम्हाला काळजी वाटते, ताई. आव दिसली की अमिबा समजून मेट्रोनिडॅझोल, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पण आव ही सुजलेल्या आतड्यानं टाकलेला चिकट स्राव आहे, ती जंतूशिवायही पडते. दोन दिवस बरं वाटतं यावरून निदान होत नाही. वारंवार घेतलेल्या मेट्रोनिडॅझोलनं हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड सुजलेल्या आतड्यात धोक्याची आहे, जोराचा दाह असताना आतडं फुगून बसू शकतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या कोलायटिस भडकवतात. ताप किंवा दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. गोळ्यांपेक्षा शौचाची तपासणी करा: साधी, कल्चर, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचं विष आणि कॅलप्रोटेक्टिन. शेवटची तपासणी आतड्याची सूज मोजते. ५० च्या आत असेल तर सूज नसण्याची शक्यता जास्त, २५० च्या वर असेल तर सूज सक्रिय. पण पित्तनलिकांत जंतुसंसर्ग झाला असेल किंवा नुकत्याच वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील तर हा आकडा खोटा चढतो. आणि हा आकडा चांगला आला तरी कोलोनोस्कोपीची सुट्टी होत नाही. उर्सोनंही काहींना शौच पातळ होते, पण आव आणि रक्त उर्सोच्या माथी मारता येत नाही.

काढा आजच बंद करा. सासूबाई मायेनं देतात, त्यांचा दोष नाही. करोनाच्या काळात गुळवेल घरोघरी गेली. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि ज्यांना ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची प्रवृत्ती आहे त्यांच्यात हा धोका जास्त दिसला. यजमानांचा आजार त्याच कुळातला आहे. काढा चालू असताना एन्झाइम वाढले तर ते आजारानं वाढले, नळी आवळल्यानं की काढ्यानं, हे कळेनासं होतं. काविळीवर गावठी झाडपाला, डोळ्यात किंवा नाकात घालायचे थेंब, माळ घालून कावीळ उतरवणं, यातलं काहीच इथे लागू नाही. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप उतरते म्हणून त्या उपायांचं नाव होतं. नळी आवळून आलेली कावीळ तशी उतरत नाही, आणि मधले दिवस वाया जातात.

उर्सोचा त्यांचा डोस बरोबर आहे. किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम म्हणजे ६२ किलोला ८०० ते ९३० च्या दरम्यान, तीन गोळ्यांचे ९०० होतात. खाज वाढली म्हणून कोणी डोस दुप्पट करायला सांगितला तर ऐकू नका. अमेरिकेत १५० रुग्णांवर किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅम देऊन केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एन्झाइमचे आकडे सुधारले, पण जास्त रुग्णांची प्रकृती बिघडली. साध्या डोसनंही आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. ६ ते १२ महिन्यांत अल्कलाइन फॉस्फटेज खाली आलं नसेल तर गोळी चालू ठेवावी का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

खाजेसाठी कोलेस्टिरामीनची पावडर असते, ४ ग्रॅमपासून सुरुवात. ती पोटातली बाकी औषधंही धरून ठेवते, म्हणून उर्सो आणि इतर गोळ्या तिच्या निदान तासभर आधी किंवा ४ ते ६ तासांनी घ्यायच्या. तिनं पोट घट्टही होतं. शौचाच्या वेळा कमी झाल्या म्हणजे कोलायटिस बरा झाला असं तेव्हा समजू नका.

कोलायटिस निघाला तर सुरुवात बहुधा आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामीननं होते, दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम, तोंडावाटे. गुदमार्गे घ्यायची गोळी फक्त गुदाशयापुरती पोचते आणि एनिमा डाव्या वळणापर्यंत. उजव्या बाजूच्या सुजेवर नुसत्या त्यांचा उपयोग नाही. मेसालामीन चालू असताना लघवी आणि क्रिएटिनिन अधूनमधून तपासायचं. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन लागलंच तर आधी एनयूडीटी१५ या जनुकाची चाचणी मागा. भारतीयांत त्याचा बदललेला प्रकार बऱ्यापैकी आढळतो, आणि तसं असेल तर नेहमीच्या डोसनं पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या उतरतात, केस गळतात. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची चाचणी हवीच. हेपॅटायटिस बीची लस अशी औषधं सुरू होण्याआधी टोचून घ्यावी, नंतर ती नीट लागू पडत नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. आतडं शांत केल्यानं नळ्यांचा आजार थांबत नाही, आणि नळ्यांवरच्या उपायानं आतडं बरं होत नाही. कोलायटिस असेल तर पुढे कधी यकृत बदलावं लागलं तरी कोलोनोस्कोपी दरवर्षी चालूच राहते.

नळ्यांच्या बाजूनं वर्षाचं काम असं. लिव्हर फंक्शन दर ३ ते ६ महिन्यांनी. एमआरआय-एमआरसीपी वर्षातून एकदा, कारण पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोकाही आहे. पित्ताशयात मोड (पॉलिप) दिसला आणि तो ८ मिलिमीटरपेक्षा मोठा असला तर पित्ताशय काढण्याचा विचार करतात. इतर लोकांत लहान मोडाकडे थांबून पाहतात, इथे तेवढं थांबत नाहीत. सीए १९-९ हा रक्तातला आकडा एकट्यानं काही सांगत नाही. नळीत संसर्ग असला तरी तो चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो तयारच होत नाही. आयजीजी४ हे रक्तातलं प्रथिन एकदा तपासलेलं नसेल तर तपासा. पीएससीसारखाच दिसणारा त्याचा एक वेगळा आजार आहे, तो स्टिरॉइडनं सुधारतो. व्हिटॅमिन डी आणि हाडांची घनता एकदा पाहून ठेवा.

ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडण्याची तपासणी, मात्र नुसती ‘बघण्यासाठी’ करू देऊ नका. एमआरसीपीनं चित्र मिळतं. ईआरसीपीमध्ये रंगद्रव्य आवळलेल्या नळीच्या वर जाऊन अडकलं तर तिथे संसर्ग होतो, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. कावीळ वाढली, वारंवार ताप आला किंवा एखादी मोठी नळी नव्यानं आवळली, तर ती लागते. तेव्हा अँटिबायोटिक देऊन, फुग्यानं नळी रुंद करून, आतल्या पेशी ब्रशनं घेऊन तपासतात.

एमआरसीपीचा नुसता कागद नको, सीडी जपून ठेवा. मागच्या वर्षीच्या चित्राशेजारी ठेवल्याशिवाय नवीन आवळलेली जागा ओळखता येत नाही. एका वहीत तारीख घालून बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी (हेही यकृत-पित्ताचं एन्झाइम), अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि वजन लिहीत चला. ती वही डॉक्टरांना फाइलपेक्षा जास्त कामाला येते.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी चहासारखी, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं ताप आणि कावीळ एकत्र आलं तर त्याच दिवशी दवाखान्यात भरती. हा नळीतला संसर्ग असतो आणि काही तासांत रक्तात जातो. मलेरिया-टायफॉइडचे रिपोर्ट येईपर्यंत घरी बसू नका. आल्या आल्या ‘पीएससी आहे’ हे सांगा आणि अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच आणि सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, ही कारणंही त्याच दिवशीची. वजन आपोआप उतरायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

जेवणाचं फार अवघड करू नका. पोट बरं असताना ज्वारीची भाकरी, डाळी, शिजवलेल्या भाज्या, सगळं चालतं. मंगळवेढ्याची ज्वारी बंद करायचं काही कारण नाही. आव वाढलेल्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं, अंडं द्या, शेंगाची चटणी, तिखट रस्सा आणि तळलेलं बाजूला ठेवा. दूध सोसत असेल तर बंद करू नका, हाडांना ते हवंच. शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल तर चरबी पचत नाहीये, तेव्हा तेल-तूप कमी करा आणि डॉक्टरांना व्हिटॅमिन ए, डी, ई, केबद्दल विचारा. प्रथिनं कमी करू नका. ‘लिव्हरचा आजार म्हणून फक्त पेज’ यानं माणूस खंगतो. दारू पूर्ण बंद. मावा-तंबाखू असेल तर तीही. उन्हाळ्यात पातळ शौच झाली तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण तो आहेच. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. सिव्हिलमध्येही विचारा, रक्त आणि सोनोग्राफी तिथे झाली तर बाहेरचा खर्च वाचतो. कंपनीत ईएसआय कापत असतील तर तो मार्ग विसरू नका.

मुलाचं. हा आजार स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. जवळच्या नात्यात शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण मुळात हा आजारच विरळा, त्यामुळे वाढलेली शक्यताही लहानच राहते. मुलाची उंची-वजन नीट वाढत असेल, शौचात रक्त नसेल, खाज नसेल, तर कुठलीही तपासणी करू नका. यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना वडिलांच्या आजाराचं नाव सांगा आणि जीजीटी करायला सांगा. वाढत्या वयात हाडांमुळे अल्कलाइन फॉस्फटेज मुळातच जास्त असतं, त्यावरून मुलांमध्ये काही ठरवता येत नाही.